साउताईच्या खुब्यातलं वाढीव हाड

साउताई खूप उंच आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर तिची साठी उलटून गेली होती. कारण आमच्या डोळ्यांसमोर ती कायम बसलेलीच. व्हिएतनाममधल्या आमच्या सा डेकच्या बाजाराकडे आमची गल्ली जिथे वळते, त्या कोपऱ्यावर एका वीतभर उंचीच्या लाकडी बैठकीवर ती पहाटेपासून बसायची. समोर भुशाची शेगडी, शेगडीवर डुकराच्या हाडांच्या रश्शाचं पातेलं, उजव्या हाताला तांदळाच्या जाड शेवयांची टोपली, डाव्या हाताला मांसाचे काप, काळीज, तळलेला लसूण, कांद्याची पात. मागे वाडगे विसळायची बादली. काहीही घ्यायला तिला उठावं लागत नसे. गिऱ्हाइकंही तशाच बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर, गुडघे छातीशी घेऊन तिच्याभोवती दाटीवाटीने बसायची.

तिची आई कावडीवरून हू तियू, म्हणजे ह्याच रश्शातल्या शेवया, विकायची. कावडीच्या एका टोकाला चूल आणि दुसऱ्याला वाडगे. जिथे कावड टेकवली तिथे उकिडवं बसायचं आणि वाढायचं. पुढे कावड गेली, कोपरा कायमचा झाला, पण बसायची उंची आईचीच राहिली.

माझं शिवणाचं दुकान तिच्या समोर. साउ म्हणजे सहा, मी ताम म्हणजे आठ. आमच्याकडे घरातल्या मुलांना अशीच जन्माच्या क्रमाने हाक मारतात. ती काही माझी सख्खी नव्हे, पण इतकी वर्षं समोरासमोर काढल्यावर ताईच झाली. सकाळचा वाडगा मी तिच्याकडेच खायचे आणि शिव्याही तिच्याच खायचे. कुणी जास्त काळीज मागितलं की ती म्हणायची, "आधी स्वतःचं कुणाला तरी दे, मग माझ्याकडे माग." तरी घालायची मात्र दोन काप जास्तच.

दुखणं तिने खूप दिवस लपवलं. उजव्या खुब्यात कळ यायची, पण ती कुणाला बोलली नाही. आम्हाला एवढंच दिसायचं की आताशा ती सून क्वेनला सारखी हाका मारते. "क्वेन, भुसा आण. क्वेन, बर्फ आण." क्वेन हसतमुख पोरगी. तिचा नवरा नदीवरच्या वाळूच्या बोटीवर कामाला, महिन्यातून कधीमधी घरी यायचा. त्यामुळे सासूसुनेचंच घर होतं म्हणायचं, आणि तिसरा साउताईचा नवरा थोई. थोईदादाने जन्मभर फेरीबोटीवर दोर फेकले आणि ओढले. त्याचे तळवे वल्ह्याच्या पात्यासारखे रुंद. बोलणं मात्र मोजकं, कारण घरातलं बोलायचं काम बायकोने घेतलेलं.

एका दुपारी सगळं गिऱ्हाईक गेलं, पातेलं रिकामं झालं, तरी साउताई बसलेलीच. मी कापडावर खडूने खुणा करत होते. वर पाहिलं तर ती बादलीच्या कडेला धरून उठायला बघत होती आणि उठता येत नव्हतं. मी धावले. तिने मला हाताने थांबवलं.

"ओरडू नकोस. म्हाताऱ्याला बोलाव. आणि हसत हसत बोलाव, गल्ली गोळा करू नकोस."

थोईदादा आला. त्याने तिला दोन्ही काखांत हात घालून सरळ वर उचललं, बोटीवर पोतं चढवावं तसं. तिच्या कपाळावर घाम होता, पण तोंड सुरूच. "हळू, मी तांदूळ नाही!"

मग तिला कान थो शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर लुआन म्हणून होते, चाळिशीचे, शांत. त्यांनी सांगितलं की खुब्याचा सांधा पार झिजलाय, आता नवा बसवायचा. साउताईने तीन-चार महिने खळखळ केली आणि शेवटी तयार झाली. ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आली तेव्हा चालायची चौकट पुढे सरकवत ती गल्लीतून आली आणि आम्ही सगळे दारात उभे. तिने एकेकाकडे बघून मान हलवली, वरातीत नवरी हलवते तशी. "कोरा करकरीत सांधा आहे. हात लावू नका, डाग पडेल."

पहिले काही आठवडे बरे गेले. दुखणं खरंच गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की इतक्यात बुटक्या जागी बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. ती मुकाट्याने उंच खुर्चीत बसायची आणि तिथून क्वेनवर हुकूम सोडायची. मग हळूहळू उलटंच व्हायला लागलं. जांघेपाशी गरम लागायचं, मांडी सुजल्यासारखी वाटायची, आणि पाय दिवसेंदिवस कमी कमी वाकायला लागला. मी तिची विजार सैल करून द्यायला बसले तेव्हा माझ्या हाताला ते जाणवलं. वरच्या भागात काहीतरी घट्ट होतं, पिळलेल्या ओल्या कापडासारखं.

थोईदादाच्या मते शीर आखडली होती. त्याने औषधी मुळं घातलेली तांदळाची दारू काढली आणि रोज सकाळ-संध्याकाळ तिची मांडी चोळायला लागला. नुसती चोळायचा नाही, पाय धरून वाकवायचाही. दोर ओढायची सवय असलेला माणूस तो. घरातून तिचं ओरडणं ऐकू यायचं. "अहो म्हातारबुवा, पाय माझा आहे, नांगर नाही!"

"सहन कर जरा," तो म्हणायचा. "सुटेल."

सुटलं नाही. उलट एवढं वाढलं की तिला खुर्चीतही सरळ बसवेना, पाय पुढे ताठ करून कडेवर टेकून बसायची. शेवटी क्वेननेच सांगितलं, "आई, तुम्ही डॉक्टरांकडे गेलाच पाहिजे. बाबा चोळतात ते मला बघवत नाही."

क्वेन कोपऱ्यावर शेवया विकायला, म्हणून थोईदादासोबत मी गेले.

डॉक्टर लुआननी आधी रक्त तपासायला पाठवलं. आत पू झालाय का, कुठे रक्त गोठलंय का, हे त्यांना बघायचं होतं. तसलं काही निघालं नाही. मग एक्स-रे काढला आणि तो उजेडापुढे धरून ते आम्हाला दाखवायला लागले.

"मावशी, सांधा अगदी जागच्या जागी आहे. तो उत्तम बसलाय. पण हे बघा, त्याच्या बाजूला. पांढुरकं, ढगासारखं दिसतंय ना?"

"दिसतंय."

"ते हाड आहे."

साउताईने डोळे बारीक केले. "कुणाचं?"

"तुमचंच."

"माझं सगळं मोजून तुम्ही काढलं-घातलंत, मग हे कुठून आलं?"

डॉक्टर हसले. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश सांगितलं. ऑपरेशनमध्ये सांध्याभोवतीच्या स्नायूंना मार बसतो. तो भरून येताना काही जणांच्या शरीराचा घोळ होतो, आणि जिथे मांस भरायचं तिथे ते हाड भरायला लागतं. पुष्कळांना थोडंसं होतं आणि कळतही नाही. तिला जरा जास्त झालं होतं.

"मला सगळं जास्तच होतं," साउताई म्हणाली. "हा कॅन्सर वगैरे नाही ना? खरं सांगा, मी काही घाबरत नाही." पण माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

"नाही. हे साधं हाडच आहे, फक्त चुकीच्या जागी. जिवाला धोका नाही."

तेव्हा तिने माझा हात सोडला.

थोईदादा इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो एकदम पुढे आला. "डॉक्टर, मी चोळत होतो. रोज. जोर लावून वाकवतही होतो."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "काका, तुमच्या चोळण्यानेच हे झालं असं मी म्हणणार नाही. कुणाला होतं आणि कुणाला नाही, हे आम्हालाही नेमकं सांगता येत नाही. पण आता चोळायचं नाही. पाय दाबून वाकवायचा नाही. त्यांचा त्या जेवढा वाकवतील तेवढाच. चालायचं मात्र भरपूर."

"आणि हे काढणार कधी?"

"आत्ता नाही. आत्ता ते कच्चं आहे, वाढतंय. आत्ता काढलं तर परत येईल. पिकू द्या, वर्षभर तरी लागेल. मग बघू, गरज असली तर."

परतीच्या बसमध्ये थोईदादा दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून बसला होता. साउताई पुढच्या सीटवर, पाय वाटेत ताठ पसरून. मग ती मान न वळवता म्हणाली, "हात कशाला लपवता? चोरी केलीत का?"

"जोर जास्त झाला माझा."

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कशात जोर दाखवलात, तर तोही मलाच भोवला."

मागच्या बाकावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. कंडक्टरने तोंड फिरवलं. थोईदादाचे कान लाल झाले आणि मग तोही हसायला लागला, डोळे पुसत. घरी गेल्यावर त्याने त्या दारूची बाटली उचलली आणि शेजाऱ्याच्या दुखऱ्या खांद्यासाठी देऊन टाकली.

बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. साउताईला नवीन हाड फुटलंय. त्याचं कारण शोधून काढलं चिन आजोबांनी. हे गल्लीतले जुने न्हावी, अंगाने लहानखुरे, तोंडाने मोठे. रोज सकाळी पितळी डबा घेऊन कोपऱ्यावर यायचे आणि हू तियू भरून घरी न्यायचे. डबा भरेपर्यंत ते उभ्याउभ्या म्हणाले, "यात नवल काय? चाळीस वर्षं हाडांच्या पातेल्यावर वाकून बसली. वाफ आत जाणारच. कुठेतरी साठणारच."

दुपारपर्यंत मासळीवाल्या तेच बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी एक तरुण आई आली आणि क्वेनला हळूच म्हणाली, "पोराला रस्सा नको, नुसत्या शेवया द्या." क्वेन बिचारी रडकुंडीला आली. तिने घरात जाऊन सांगितलं. साउताई काठी टेकत बाहेर आली. चिन आजोबा डबा घेऊन उभेच होते.

"आजोबा, रश्शाने हाडं वाढतात होय?"

"लोक म्हणतात बाई."

"लोक कशाला, तुम्हीच म्हणता. मला सांगा, या गल्लीत सगळ्यात जास्त रस्सा कोण प्यायलं? मी तर दुपारी भात खाते. तुम्ही रोज एक वाडगा आणि वर फुकटचा अर्धा. मग तुम्ही आतापर्यंत नारळाच्या झाडाएवढे व्हायला हवे होतात. झालात का?"

काठीवर रेललेल्या साउताईच्याही चिन आजोबा जेमतेम खांद्याला लागत होते. सगळं गिऱ्हाईक खो खो हसलं. त्या तरुण आईनेही पोराचा वाडगा पुढे केला आणि म्हणाली, "घाला रस्सा. थोडा उंच झाला तर बरंच आहे."

पण हसून दिवस जातात, अडचणी जात नाहीत. वाट बघायचं ते वर्ष तिला जड गेलं. दुखणं हळूहळू ओसरलं, पण खुबा जणू कुणी कुलूप घालावं तसा झाला. स्वतःच्या पायात चपला घालता येत नव्हत्या. नावेत बसता येत नव्हतं, त्यामुळे नदीपलीकडे फुलांच्या गावात भावाकडे जाणं बंद. पायाची नखं वाढली. एका रविवारी थोईदादाने काही न बोलता दारात स्टूल टाकलं, तिचा पाय मांडीवर घेतला आणि नखं कापायला बसला. भर रस्त्यात. बाजारातून परतणाऱ्या बायका थांबल्याच.

"थोईदादा, आमचा नंबर कधी?"

"आधी तिच्यासारखं हाड वाढवून या," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं होतं. साउताई दुसरीकडे बघत होती, पण गाल फुगलेले, हसू दाबताना फुगतात तसे.

मग तिच्या आईचं दरवर्षीचं श्राद्ध आलं. आम्ही सगळे जमलो. नारळपाण्यात अंडी घालून शिजवलेलं मांस, कारल्याचं सूप, केळीच्या पानात बांधलेला चिकट भात, सगळं क्वेनने केलं होतं. जमिनीवर चटया अंथरल्या, ताटं मांडली. साउताई मात्र पूर्वजांच्या देव्हाऱ्याशेजारी उंच खुर्चीवर, पाय पुढे ताठ. नदीपलीकडून तिचा धाकटा भाऊ आला होता. तो चटईवरून वर बघत म्हणाला, "ताई, तू पण देव्हाऱ्यातलीच दिसतेस. तुलाही उदबत्ती लावू का?"

सगळे हसले. तीही हसली. थोड्या वेळाने बघते तर खुर्ची रिकामी. ती मागे स्वयंपाकघरात पाण्याच्या रांजणाला धरून उभी होती. डोळे ओले.

"आईच्या ताटापुढे मला नीट वाकता आलं नाही, ताम. अर्धीच वाकले. आई म्हणेल, ही कसली नमस्कार करते, जणू सावकाराला मान हलवते."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात बाहेरून चिन आजोबांचा आवाज आला. ते दारात उभे होते, चटईकडे बघत.

"मलाही खुर्ची मिळेल का? या चटईवरून मला उठवायला दोन माणसं लागतात. लाज वाटते म्हणून मी कुणाच्या श्राद्धाला जायचंच सोडलं होतं. साउ खुर्चीवर बसलीय असं ऐकलं म्हणून आलो."

क्वेनने खुर्ची आणली. मग कोपऱ्यात अवघडून बसलेल्या म्हाताऱ्या शाळामास्तरीणबाई म्हणाल्या, "मग मलाही दे गं." त्यांच्यामागून आणखी दोघी. बघता बघता देव्हाऱ्याजवळ खुर्च्यांची एक रांग झाली आणि खालच्या चटयांवर फक्त तरुण मंडळी उरली. साउताई डोळे पुसून बाहेर आली, ती रांग बघितली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

"आजोबा," ती एकदम म्हणाली, "तुम्ही रोज डबा का घेऊन जाता? पूर्वी तर बसून खायचात."

"तुझ्या त्या बेडकाच्या स्टुलावर बसू कसा? बसलो तर दुपारपर्यंत तिथेच."

"आणि बाई तुम्ही?"

"मी तर कधीच सोडलं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुझ्या हू तियूची आठवण येते हो. पण गुडघे ऐकत नाहीत."

ताट हातात घेऊन साउताई विचार करत जेवली, आणि आमच्यातलं कुणी काही बोललं तर तिला ऐकू जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने थोईदादाला बंदरावर पाठवलं. तिथे एक जुनी फेरीबोट मोडत होते. तो तिच्या फळ्या घेऊन आला. कमरेच्या उंचीचा भक्कम ओटा त्याने बनवला, वर शेगडीला खाच, बाजूला शेवया नि मांसाची जागा. साधी टेबलं आणि पाठीच्या खुर्च्या आल्या. क्वेनने खुर्च्या मोजल्या.

"आई, लोक म्हणतील आम्ही हॉटेलवाले झालो. गिऱ्हाईक तुटेल."

"तुटेल ते तुटेल. तुझी कंबर तरी माझ्यासारखी होणार नाही."

क्वेनने एक खुर्ची ओट्याशी नीट लावली. मग म्हणाली, "मला वाटलं तुम्ही स्वतःसाठी करताय."

"स्वतःसाठीच करतेय. तू पडलीस तर माझे वाडगे कोण धुणार?"

पहिल्या सकाळी साउताई ओट्यामागे उभी राहिली आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. बाई चांगली ताडमाड होती. इतकी वर्षं आम्ही तिच्याकडे खाली बघून बोललो होतो, आता मान वर करावी लागत होती. चिन आजोबा तर म्हणाले, "ही कोण? साउला बोलवा."

मोटरसायकलवाली तरुण पोरं कुरकुरली. एक म्हणाला, "उंचावर बसून खाल्लं की चव उतरते, मावशी."

"चव पातेल्यात असते, बुडाखाली नसते. गप खा."

दोनचार बुटकी स्टुलं तिने एका बाजूला ठेवली, हौशींसाठी. पण आठवडाभरात मास्तरीणबाई रोज यायला लागल्या, त्यांच्याबरोबर त्यांच्या मैत्रिणी, आणि ज्यांना मी विसरूनही गेले होते अशी म्हातारी माणसं गल्लीबोळांतून बाहेर पडून येऊन बसायला लागली. सकाळी तिथे इतक्या गप्पा चालायच्या की मला माझ्याच मशीनचा आवाज ऐकू यायचा नाही.

वर्ष उलटून गेल्यावर आम्ही पुन्हा डॉक्टर लुआनकडे गेलो. या वेळच्या एक्स-रेमध्ये ढग नव्हता, स्पष्ट कडांचं हाड दिसत होतं.

"पिकलं," डॉक्टर म्हणाले. "आता वाढत नाहीये. काढायचं असेल तर काढता येईल. परत येऊ नये म्हणून किरणांचा एक डोस देऊ. पण काढलंच पाहिजे असं नाही. दुखत नसेल आणि चालत असेल तर राहू द्या. ठरवायचं तुम्ही."

घरी सगळ्यांनी सल्ले दिले. थोईदादाला पुन्हा चिरफाड नको होती. "चाललंय ना बरं? नखं मी कापतो, चपला मी घालतो."

"तुम्ही कापता ते मला आवडतं," ती म्हणाली. आमच्यासमोर म्हणाली, आणि तो खाली बघायला लागला. "पण मला नावेत बसायचंय. आणि आईपुढे वाकायचंय. त्या दोन गोष्टी तुम्ही माझ्यासाठी करू शकत नाही."

मग काही वाद उरला नाही.

ते हाड काढलं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिली मागणी केली ती बघायची. "दाखवा तरी, इतके दिवस बिनभाड्याने राहिलं." डॉक्टरांनी एका भांड्यात दाखवलं. आल्याच्या गड्ड्यासारखं वेडंवाकडं, पांढरं. तिने ते घरी न्यायला मागितलं, पण ते तपासणीला जायचं होतं. गल्लीत आल्यावर तिने चिन आजोबांना गाठलंच.

"रश्शात घालणार होते, आजोबा. खास तुमच्यासाठी. दिलं नाही हो त्यांनी."

आजोबांनी वाडगा लांब सारला, वास घेतला, आणि सगळ्यांच्या हसण्यात पुन्हा जवळ ओढला.

पाय पहिल्यासारखा झाला असं नाही. पूर्ण उकिडवं तिला अजूनही बसता येत नाही. पण खुर्चीत ती नीट बसते, चपला घालते, आणि त्या वर्षी आईच्या ताटापुढे ती कपाळ हाताला टेकेपर्यंत वाकली आणि जरा जास्तच वेळ तशी राहिली. भाऊ म्हणाला, "पुरे ताई, आई म्हणेल अडकली की काय." नावेतही बसली. फुलांच्या गावाला जाऊन झेंडूच्या कुंड्या घेऊन आली आणि त्या ओट्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या.

नखांचं मात्र तिने थोईदादाला सांगून पाहिलं. "आता वाकते मी. माझी मी कापीन."

"अजून नीट वाकत नाहीस," तो म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. ती वाद घालायला गेली नाही. साउताईने वाद सोडून दिल्याचं माझ्या आठवणीत तेवढं एकच.

आता कुणाचा सांधा बदलायचा असला की लोक तिच्याकडे पाठवतात. परवा लाप वो गावाहून एक बाई बोटीने आली. तिच्या आईचा खुबा बदलायचा होता आणि साउताईची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. ती घाबरूनच गेली होती.

"ताई, खरंच मांसात हाड उगवलं तुमच्या?"

"उगवलं."

"मग आईचं करू की नको?"

साउताईने झारा खाली ठेवला. "आई चालते का?"

"भिंत धरून. रात्री कण्हते."

"मग कर. माझं दुखणं त्यानेच गेलं. हाड वाढलं ते वेगळं, ते सगळ्यांचं एवढं वाढत नाही. माझ्याबद्दल डॉक्टरांना आधीच सांग, ते काय काळजी घ्यायची ते बघतील. नंतर गरम लागलं, आखडलं, तर लगेच परत जा. आणि घरात कुणी जोरदार हातांचा माणूस असला तर त्याला मांडीपासून लांब ठेव."

ओट्यामागे वाडगे पुसणाऱ्या थोईदादाने खाकरून दाखवलं.

ती बाई पहिल्यांदाच हसली. "म्हणजे भ्यायचं नाही?"

"भी की. मी पण भ्याले होते, या तामला विचार, हिच्या बोटांचा चुरा केला होता मी. पण आधी बस, खाऊन घे. लांबून आलीस." आणि मग मागे वळून, "क्वेन, हिला काळीज जास्त घाल गं!"

ती बाई मास्तरीणबाईंच्या शेजारी बसली. साउताईने तिचा रस्सा स्वतः वाढला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.